चिंचेनं घासलेले दात

माझे दात पिवळे होते. पिवळे म्हणजे किती, तर सोललेल्या शेंगदाण्याइतके. किडलेला एक नव्हता, हलणारा एक नव्हता, कडक भाकरी मी कडाकडा मोडून खायची. पण मोहोळहून मला बघायला पाहुणे आले आणि मुलाच्या मावशीनं पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं, "पोरगी चांगली हाय, पण दात जरा पिवळं हायत की." मी समोरच बसले होते. बाजारात म्हशीचे दात बघतात, तेही निदान म्हशीला ऐकवत नाहीत.

त्यांचा नकार आला. दातांमुळं आला की आणखी कशामुळं, देव जाणे. आमच्या आईनं मात्र ठरवून टाकलं की दातांमुळंच.

आता आमच्या आईचं एक आहे. पितळेवर तिचा फार जीव. देवाची समई, घंटा, तांब्या, सगळं ती दर सोमवारी चिंच-मीठ लावून घासते आणि ते असं लखलखतं की शेजारच्या बाया मुद्दाम बघायला येतात. तर या बाईनं मला मोरीत उभं केलं, भिजवलेल्या चिंचेचा गोळा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "घास. पितळ लख्ख निघतंय, मग दात का न्हाईत निघायचं?" मी म्हटलं, आई, दात म्हणजे तांब्या नव्हे. तर म्हणे, "लई शिकलीस." मग रोज सकाळी आधी चिंच आणि त्यावर लगेच ब्रश. मी टाळाटाळ करीन म्हणून ती स्वतः दारात पहाऱ्याला.

आणि खरंच दात पांढरे झाले की! चमक गेली, पण पांढरे झाले, खडूसारखे. आईला कोण आनंद. तिनं शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं आणि मला 'आ' करायला लावलं. काकूंनी वाकून बघितलं आणि त्याही घरी जाऊन चिंच भिजवणार होत्या.

तेवढ्यात उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा काय सांगावा. मी चादरींच्या दुकानात काउंटरवर असते. दुपारी माठातलं पाणी तोंडाला लावलं आणि समोरच्या दातांतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पुढं चहानं तेच, दहीभातानं तेच, गाडीवरून जाताना तोंडात वारा शिरला तरी तेच. आई म्हणाली, "मळ निघायलाय, म्हणून झोंबतंय." शेवटी तिला न सांगता मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले.

त्यांनी आरशात दाखवत सगळं नीट समजावलं. दाताच्या वरचं कवच म्हणजे एनॅमल. सबंध शरीरात त्याच्याइतकं टणक दुसरं काही नाही, हाडसुद्धा नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे अतिशय बारीक स्फटिक जुड्या बांधून दाटीवाटीनं रचलेले असतात, म्हणून ते जन्मभर चावण्याचा भार सोसतं. पण आंबटापुढं त्याचं काही चालत नाही. आंबटानं वरचा थर मऊ पडतो आणि खडूसारखा पांढरा दिसायला लागतो. लाळ तो हळूहळू पुन्हा सावरते, पण तिला वेळ द्यावा लागतो. आम्ही तर लगेच ब्रश घेऊन तो खरवडून काढत होतो. मी विचारलं, मग परत कधी येईल? त्या म्हणाल्या, गेलं ते येत नाही. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, पण एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच संपून गेलेल्या असतात. उरलंय ते जपायचं, एवढंच हातात.

याच्यापुढं त्यांनी जे सांगितलं त्यानं माझं डोकंच फिरलं. चांगलं एनॅमल थोडं आरपार दिसणारं असतं आणि त्याच्या खालचा थर मुळातच पिवळसर असतो. तो पिवळेपणा वर दिसतो, त्यात घाण काही नसते. म्हणजे माझे दात चांगलेच होते. धडधाकट दात आम्ही घासून घासून खराब केले, कुणा मावशीनं पोहे खाता खाता तोंड चालवलं म्हणून.

घरी येऊन मी घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, "मी काय तुझी वैरीण हाय व्हय?" चिंच त्या दिवसापासून बंद झाली. पण लगेच पुढं, "रविवारी अक्कलकोटचं पाहुणं येणारेत. त्यांच्यापुढं ह्यातलं काय बोलू नगंस."

रविवारी ते आले. माणसं वाईट नव्हती. मुलाची आई माझ्याकडं बघून कौतुकानं म्हणाली, "दात किती पांढरंशुभ्र हायत पोरीचं." आमची आई माझ्याकडं बघून अशी हसली, जणू तिनंच ते घडवून आणलं होतं. आणलंच होतं म्हणा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळं सांगितलं. चिंच सांगितली, ब्रश सांगितला, पांढरं दिसतंय ते खराब झालेलं कवच आहे आणि ते जन्मात परत येणार नाही, हेही सांगितलं. पाहुणे चहा संपवून सभ्यपणे निघून गेले.

दार लागलं तशी आई माझ्यामागं स्वयंपाकघरात आली. ती फार रागावली की माहेरच्या कन्नडमध्ये बोलते, पण त्या दिवशी मराठीतच बोलली. "त्यास्नी कशाला सांगितलंस? आता अक्कलकोटभर होईल."

त्याला आता दुसरा उन्हाळा आला. मी पाणी अजून कोमट करून पिते आणि ती रोज बघते. दुखतं का, हे तिनं मला एकदाही विचारलेलं नाही.