दुधनीला नेलेला मेंदूचा फोटो

सात रस्त्याजवळच्या एका खाजगी दवाखान्यात भीमाशंकर एक्स-रे काढायचा. अख्खी गल्ली त्याला फोटोवाला म्हणायची. बारशाचे फोटो काढायला या, म्हणणारे महाभागही निघायचे! बत्तीस वर्षांचा झाला तरी गडी लग्नाचं नाव काढू देईना. लोक म्हणायचे, नखरे. डोंबलाचे नखरे! त्याच्या पोटात भीती होती.

त्याचा बाप वीरभद्रप्पा किराणा दुकान चालवायचा. चाळिशी उलटली आणि त्याचे हातपाय आपोआप उडायला लागले. तराजू स्थिर राहीना, तोंड वेडंवाकडं व्हायचं, चालताना झोकांड्या जायच्या. गळ्यात इष्टलिंग बांधलेला, दारूला आयुष्यात न शिवलेला माणूस, आणि गल्लीतले टवाळ विचारायचे, "काय मालक, सकाळीच झाली का?" पुढं तो चिडायला लागला, ताटं भिरकावायला लागला. नऊ वर्षं हे चाललं. बायकोनं, निंगव्वानं, त्याला लेकरासारखं भरवलं, धुतलं, पुसलं. तो गेल्यावर दवाखान्याच्या थोरल्या डॉक्टरांनी भीमाशंकरला बाजूला घेऊन सांगितलं की हे दुखणं घराण्यातून येतं. बापाचं लेकात उतरेल किंवा नाही उतरणार, निम्मं-निम्मं.

तेव्हापासून हातातली चहाची कपबशी वाजली की भीमाशंकरच्या काळजात धस्स व्हायचं. कपबशी कुणाची वाजत नाही? पण त्याला कोण समजावणार!

एकोणऐंशी साली मुंबईत एक नवं यंत्र आल्याचं थोरल्या डॉक्टरांनी सांगितलं. साध्या एक्स-रेत कवटीचं हाड तेवढं दिसतं, आतला मेंदू काही दिसत नाही, हे भीमाशंकरइतकं कुणाला ठाऊक? हे यंत्र म्हणे काकडीच्या चकत्या कराव्यात तशा मेंदूच्या चकत्या फोटोत दाखवायचं, तेही सुरी न लावता. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो मुंबईला गेला.

तिथल्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर धरून त्याला नीट दाखवली. "ही मधली पोकळी. हिच्या कडेचा हा भाग या आजारात झिजतो आणि पोकळी फुगते. तुमचा शाबूत आहे."

भीमाशंकरचे डोळे भरून आले.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "झीज बरीच झाली तरच या यंत्राला दिसते. सुरुवातीची दिसत नाही. फोटो आजचा आहे. पाच-दहा वर्षांनी काय होईल, ते यातून मी सांगू शकत नाही. तुमचं निम्मं-निम्मं होतं तसंच आहे."

घरी येऊन त्यानं हे सगळं आईला सांगितलं. निंगव्वानं त्यातला 'शाबूत' तेवढा शब्द उचलला. गल्लीत साखर वाटली आणि महिन्याच्या आत दुधनीचं स्थळ आणलं. शरणप्पा, धान्याचे व्यापारी. मुलगी दाक्षायणी, मॅट्रिक झालेली. भीमाशंकरनंही मग फार ताणलं नाही. त्यालाही घर हवं होतं हो! संन्यासी थोडाच होता तो.

दुधनीत पोहे झाले, चहा झाला. आणि निंगव्वानं पिशवीतून ती फिल्म काढली. लोक पत्रिका काढतात, हिनं पोराचा मेंदू काढला! "आमच्या मालकांच्या दुखण्याचं तुमच्या कानावर आलं असंल. मुंबईच्या डॉक्टरनं बघितलंय. पोरगं एकदम शाबूत हाय."

शरणप्पांनी फिल्म दारातल्या उजेडात धरली, तीही उलटी. "लई चांगलं," ते म्हणाले. दाक्षायणी मात्र पुढं झाली, तिनं फिल्म सुलटी केली. "ह्यात चांगलं काय दिसतं?" तिनं भीमाशंकरलाच विचारलं. त्यानं दाखवलं. ती मन लावून बघत होती. भीमाशंकरला ती फार आवडली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपलंही होईल की सगळं नीट.

"म्हंजी आता पुढं कायबी धोका न्हाई, असंच की?" शरणप्पांनी विचारलं.

"व्हय की!" निंगव्वा म्हणाली.

दाक्षायणी भीमाशंकरकडे बघत होती. 

"तसं नाही, काका," तो म्हणाला, आणि मुंबईचे डॉक्टर बोलले होते ते त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मुलांपर्यंत जाऊ शकतं, तेही सांगितलं. शरणप्पांनी हात जोडले. "खरं बोलला, उपकार झाले," म्हणाले. दाक्षायणी आत निघून गेली.

स्टेशनवर गाडीची वाट बघत दोघं बाकावर बसली. निंगव्वाचा पारा चढला होता.

"हरिश्चंद्र लागून गेलास मोठा! गप बसायला काय झालं हुतं?"

"विचारलं त्यांनी, अव्वा."

"माझ्या बापानं न्हवतं इचारलं? मला दिलं तवा तुझ्या आज्जाचे हात असेच उडत हुते. मांडवात आणलाच न्हाई त्याला. म्हाताऱ्याला ताप आलाय म्हणाले. मी केलंच की मग समदं!"

भीमाशंकरनं फिल्मची पिशवी बाकावर बाजूला ठेवली. मग त्यानं विचारलं, "सांगितलं असतं, तर आली असतीस?"

निंगव्वानं पदर तोंडाला लावला. 

"न्हाई रे लेकरा," ती म्हणाली. "आले नसते."

भीमाशंकरला गलबलून आलं. आयुष्यभरात तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.