पाचशेचार उभी होती

१२ ऑगस्ट १९७४, सोमवार. वसमत स्टेशन. परदेशी चलन माणशी आठ डॉलर, म्हणजे आम्हा दोघांचे मिळून सोळा. त्याहून जास्त न्यायची परवानगी नव्हती. हजर माणसं पाच : माझे वडील, सासरे, माझी बायको शांता, तिचा भाऊ रामराव आणि मी. वडील म्हणाले, "रुपया फोडला की पळतो. फोडूच नको." आगगाडी हलली तसा रामराव खिडकीसोबत पळत ओरडला, "दाजी, तिकडं आपली बैलगाडी न्हाई, पायी हिंडावं लागंल!" शांता हसता हसता रडायला लागली.

आमच्या वस्तीतून एम.एस्सी. झालेला मी पहिला. उत्तर नायजेरियातल्या एका गावात सरकारी शाळेत गणिताच्या मास्तराची जागा मिळाली, म्हणून निघालो.

रामराव, मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, "त्या फ्रेंच गाडीनं माझी बहीण खाल्ली." दोन महिने मी उत्तर दिलं नाही. आज देतो. गावी कुरुंद्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवा, तुमच्या बाबांसमोरसुद्धा.

आधी गाडीबद्दल. या फ्रेंच कंपनीच्या गाड्यांना नावं नसतात, आकडे असतात आणि मधला आकडा नेहमी शून्य. दोनशेतीन, चारशेतीन, मग साठ साली चारशेचार. तिच्या मागच्या दोन्ही कडा माशाच्या कल्ल्यासारख्या वर आलेल्या. अडुसष्ट साली पाचशेचार आली. लांब पाठीची, तीन रांगांची गाडी दोघींतही मिळते. ती फ्रान्समध्ये मोठ्या कुटुंबासाठी काढलेली. आईबाप पुढं, लेकरं मागं, टपावर सामान. पाचशेचारच्या त्या लांब गाडीला मागच्या बाजूला चार स्प्रिंगा असतात, म्हणून खड्ड्यांत ती बसत नाही. पंचाहत्तर सालापासून तिची जुळणी इथंच, कादुना शहरात होते. तिकडं जिच्यात एक घर बसायचं, तिच्यात इथं नऊ परके बसतात : पुढं ड्रायव्हरशेजारी दोन, मधे चार, मागं तीन. आपल्याकडं एस.टी., तशी इथं ही गाडी. फरक एवढाच की हिला वेळापत्रक नाही. नऊ माणसं भरली की निघते. घाई असेल त्यानं रिकाम्या सीटांचे पैसे भरायचे, मग लगेच निघते.

आमच्या गावात इसा नावाच्या ड्रायव्हरची पांढरी पाचशेचार होती. तीन वर्षांत मी तिच्यातून कितीतरी वेळा शहरात गेलो. मला सवय आहे म्हणून दर वेळी घड्याळ पाहायचो. भरायला सरासरी पंचवीस मिनिटं.

२१ ऑक्टोबर १९७७, शुक्रवार. शांताला आठवा महिना होता. सकाळी सातला रक्त गेलं, फार नाही. शेजारची नर्सबाई म्हणाली, शहरातल्या दवाखान्यात न्या. एकशेतीस किलोमीटर. आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही अड्ड्यावर पोचलो. तेव्हा तुम्हाला पाठवलेल्या पत्रात मी लिहिलं होतं, "गाडी वेळेवर मिळाली नाही." ते खोटं आहे. पाचशेचार उभी होती. तिघं आधीच बसलेले, आमच्यासह पाच. चार सीट रिकाम्या. सीटला तीन नायरा, इथलं चलन.

इसानं शांताकडं एकदा पाहिलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मास्तर, बारा नायरा टाक. आत्ता निघतो."

बारा नायरा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची औरंगाबादची दोन महिन्यांची मेस. मी म्हणालो, "वीस-पंचवीस मिनिटांत भरेलच."

शांता मधल्या रांगेत खिडकीशी टेकून बसली होती. तीही म्हणाली, "राहू द्या. उगं कशाला. आपल्या कुरुंद्याची येष्टी बी कंडक्टरचा चहा होईस्तोर हलत न्हाई." तिला आणखी रक्त जात होतं. ते तिनं मला सांगितलं नाही. इतर माणसांपुढं कसं सांगणार?

पंचवीस मिनिटं झाली. एकजण आला. मग कोणीच नाही. इसा म्हणाला, "आज जुम्मा. नमाजाआधी माणूस गाव सोडत नाही." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी शुक्रवारी शाळेत असायचो. शहरात जायचो ते दर वेळी शनिवारी. माझी सरासरी शनिवारची होती.

तरी मी उठून पैसे दिले नाहीत. इतका वेळ थांबलो ते वाया जाईल, असं वाटत राहिलं. नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी शांतानं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चला वो आता." हात गार होता. मी उरलेल्या तीन सीटांचे नऊ नायरा काढले. इसानं गाडी अशी हाणली की एका तासात बहुतेक रस्ता मागं पडला. गाडी कुठं अडली नाही, तापली नाही, पंक्चर झाली नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, दुखणं सुरू कधी झालं, घरून निघालात कधी. मी घरून निघायची वेळ आठ नाही, साडेनऊ सांगितली. त्यानं तशी लिहून घेतली. दुपारी एकच्या सुमारास शांता गेली. मुलगी होती, ती आधीच गेलेली होती.

माझा करार पुढच्या वर्षी संपतो. भाऊ आता कमावता झाला, तो म्हणतो परत या. मी आणखी दोन वर्षांसाठी सही केली आहे. शाळेमागच्या माळावर, जिथं त्या दोघी आहेत, तिथं मी रोज संध्याकाळी जातो. कुरुंदा माझं गाव आहे, पण घर म्हटलं की आता तो माळ समोर येतो. तुम्ही मला घरात घ्याल की नाही, ते हे पत्र वाचून तुम्हीच ठरवा.

शांताला शहरातून परत आणलं ते इसाच्याच गाडीतून. मयत असलेल्या गाडीत दुसरा प्रवासी बसत नाही. मधली रांग आडवी पाडून तिला ठेवलं, लेकराला तिच्या कुशीत, आणि मी शेजारी बसलो. इसानं काही मागितलं नाही, लगेच गाडी काढली. गावात पोचल्यावर नऊ सीटांचे सत्तावीस नायरा मी त्याच्या हातावर ठेवले.