अव्वासाठी कॉफीचं सामान

बोरीच्या पेठेत रेवणसिद्धअप्पाचं भांड्यांचं दुकान आहे. तिथं चमच्यापासून लग्नाच्या समईपर्यंत मागाल ते मिळतं. पण कॉफीचं भांडं म्हणाल तर अप्पानं ते कधी ठेवलं नाही, आणि ठेवावं तरी कुणासाठी? बोरीचा माणूस उठला की चहा पितो, पाहुणा आला की चहा पितो, भांडण झालं तर मिटवायलाही चहाच पितो. म्हणून गेल्या पौषात अप्पाची बायको महेश्वरी भर दुकानात येऊन म्हणाली, "मला कॉफीच्या बिया दळायचं यंत्र पाहिजे," तेव्हा गिऱ्हाइकंसुद्धा वळून बघायला लागली.

"अगं, इतक्या वर्षांत एक पातेलं मागितलं न्हाईस कधी, आन् आज मागितलंस ते नेमकं माझ्याकडं न्हाई," अप्पा म्हणाला. "कामून पाहिजे पण?"

"अव्वा येयलीय," ती म्हणाली. 

अव्वा म्हणजे महेश्वरीची आई, नागुबाई. मूळची उदगीरची, पण लग्न होऊन गेली थेट कर्नाटकात, चिकमगळूरकडं. नवरा तिथल्या एका कॉफीच्या मळ्यावर कारकून होता. महेश्वरी तिथंच जन्मली, तिथंच वाढली. आईची मराठी तोंडात होती, म्हणून बोरीत नांदायला आली तेव्हा बोलायची अडचण पडली नाही. अडचण पडली ती सकाळची. माहेरी दिवस उजाडायचा तो बिया दळायच्या आवाजानं. परसात कॉफीची चार-सहा झाडं, अव्वा घरीच बिया भाजायची, भिंतीला ठोकलेल्या यंत्राचा दांडा फिरवायची, आणि घरभर वास सुटला की मगच पोरं अंथरुणातून उठायची. बोरीत पहिल्या सकाळी सासूनं तिच्या हातात चहाची कपबशी दिली. तिनं तो चहा मुकाट्यानं घेतला. त्याला सत्तावीस वर्षं झाली, पण चहा काही तिला गोड लागला नाही.

अव्वा दरवर्षी संक्रांतीच्या आसपास भाजलेल्या बियांचा डबा पाठवायची. पूड नाहीच. पूड करून ठेवली की चार दिवसांत तिचा जीव जातो, असं अव्वाचं ठाम मत. मग त्या बिया इकडं दळायच्या कशात? महेश्वरीनं काय काय करून बघितलं ते ऐकाल तर हसाल. मिक्सरमध्ये फिरवल्या, तर त्याच भांड्यात सासूनं येसर वाटलेलं. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी आणि मसाल्याची पूड. तिचा वास भांड्याला एकदा लागला की सात जन्म जात नाही. सासऱ्यांनी घोट घेतला आणि विचारलं, "सूनबाई, ही कॉफी हाय का आमटी?" मग जात्यावर दळून बघितल्या. बियांचं तेल दगडाला बसलं, दुसऱ्या दिवशी हरभऱ्याची डाळ दळली ती काळपट निघाली, आणि घरादारानं कडू पिठलं खाल्लं. खलबत्त्यात कुटल्या तर निम्मी धूळ, निम्मे खडे. शेवटी तिनं नादच सोडला. डबा आला की झाकण उघडायची, घटकाभर नाक लावून बसायची आणि झाकण लावून टाकायची.

मग आताच यंत्राचा हट्ट का? तर त्याचं कारण कॉफी नव्हतंच.

या घराण्यांत एक जुनी रीत आहे. लेकीला लेकरू होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. कुणी काढली ही रीत, त्याला एकदा समोर उभा करून विचारावंसं वाटतं, की बाबा रे, जिला लेकरू झालंच नाही तिनं काय करायचं? महेश्वरीला झालं नाही. परभणीचे दवाखाने झाले, नांदेडचे झाले, हैदराबादचे झाले, उपासतापास झाले. अप्पा भला माणूस, त्यानं कधी वाकडा शब्द काढला नाही. पण नागुबाई सत्तावीस वर्षांत बोरीला दोनदा आली आणि दोन्ही वेळा सोबत आणलेल्या तांब्यातलं पाणी प्यायली. जेवायला शेजारी, दिनकररावांच्या घरी. भिंतीपलीकडं आपली आई दुसरीच्या हातची भाकरी खाणार, "अजून एक घ्या की मावशी" असा आग्रह दुसरीच बाई करणार, आणि आपण पोटची लेक असून इकडं कान देऊन बसायचं! महेश्वरीच्या कानातून तो आवाज कधी गेला नाही. तिला दुसरं काही नको होतं. आपल्या ओट्यावर केलेलं काहीतरी एकदा आपल्या आईच्या पोटात जावं, एवढंच.

दिवाळीत फोनवर बोलता बोलता तिनं सांगून टाकलं, की पाळी जाऊन आता वर्ष झालं, गुडघेही धरायलेत.  पलीकडून अव्वा म्हणाली, "माघात उदगीरला लग्न हाय. मल्लेशला घेऊन येते. तुझ्याकडं एक मुक्काम टाकते." मल्लेश म्हणजे महेश्वरीचा धाकटा भाऊ. आई आपल्या गुडघ्यांच्या काळजीनं येत असेल असं महेश्वरीला वाटलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या तिच्या डोक्यात बेत शिजायला लागला.

बेत असा. अव्वा माझ्या घरचं घेत नाही ना? मग माझ्या घरचं काही नकोच. बिया अव्वाच्याच परसातल्या. यंत्र आणि भांडं घ्यायचं ते मल्लेशनं भाऊबीजेला घातलेल्या ओवाळणीतून, म्हणजे तेही माहेरचंच. दूध दिनकररावांच्या म्हशीचं, त्यांच्या घरचं तर अव्वाला चालतंच. राहिलं पाणी. ते मल्लेशनं माहेरच्या विहिरीचं कॅनमध्ये भरून आणायचं.

"अक्का, तुझं डोकं ठिकाणावर हाय का?" मल्लेश फोनवर ओरडला. "एवढ्या लांबून पाणी वाहून आणू?"

"आण म्हणलं की आण," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग सुरू झाली सामानाची निवड. मल्लेशची लेक रुद्राणी बंगळुरूला नोकरीला, तिला कॉफीतलं बारीकसारीक ठाऊक. ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर शिकवणी घ्यायची. "आत्या, पात्याचं यंत्र घेऊ नको. पातं बी तोडतं, दळत नाही. दोन चकत्यांमध्ये भरडणारं घे, म्हणजे कण सारखे पडतात."

"म्हणजे बारकं जातंच म्हण की," महेश्वरी म्हणाली आणि तिला पुढचं समजावून सांगायची गरज पडली नाही.

विजेवरचं यंत्र दिसायला झकास होतं. पण बोरीतली लाईट ऐन वेळेला दगा देते, आणि अव्वा समोर बसलेली असताना लाईटीची वाट कोण बघणार? ते बाद. हातानं दांडा फिरवायचं घ्यायचं ठरलं. भांड्यांत रुद्राणीनं आधी काचेचं दाखवलं, ज्यात दट्ट्या दाबून चोथा तळाला बसवतात. अप्पा मागून डोकावला. "काच? आपल्या घरात लोणच्याची बरणी तरी कधी वर्षभर जगलीय का?" मग आली कागदाच्या गाळणीची तऱ्हा. ते कागद संपले की दर वेळी परभणीला खेप घालायची का? तीही बाद. शेवटी दोन मजल्यांचं स्टीलचं फिल्टर पक्कं झालं, अव्वाकडं असायचं तसलंच. वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक भोकं, त्यात पूड दाबून बसवायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब अर्क उतरायची वाट बघायची.

इथं मात्र अप्पाचा हुन्नर कामाला आला. ठोक व्यापाऱ्याकडून त्यानं तीन फिल्टर मागवली आणि अंगणात उभं राहून एकेकाचं बूड उन्हाकडं धरलं. एकाची भोकं एका अंगाला दाट, दुसऱ्या अंगाला विरळ. दुसऱ्याचा जोड सैल, अर्क बाजूनं गळणार. तिसरं पास झालं. "हे घे. आन् पैसे मोज," तो म्हणाला. "फुकट दिलं तर ते आपल्या घरचं होईल, मग तुझा बेत फसंल." महेश्वरीनं ओवाळणीतले पैसे खरोखरच मोजून त्याच्या हातावर ठेवले.

यंत्र कुरिअरनं आलं आणि रोज सकाळी प्रयोग सुरू झाले. खालचा स्क्रू पिळून जाड-बारीक ठरवायचं, एवढीच करामत, पण त्या स्क्रूनंच जीव खाल्ला. पहिल्या दिवशी जाड रवा पडला. पाणी भसकन खाली, कॉफी कसली, नुसतं धुवण. दुसऱ्या दिवशी मैदा झाला. पाणी वरच अडलं, दुपारपर्यंत थेंब नाही. अप्पा रोज समोर बसून ते घ्यायचा आणि "कालच्यापेक्षा बरी हाय" असं धडधडीत खोटं बोलायचा. सहाव्या दिवशी पूड बारीक रवा आणि मैदा यांच्या मधली उतरली. वास असा उठला की महेश्वरी ओट्याला धरून उभीच राहिली. तिला अव्वाची इतकी आठवण आली, की आई चार दिवसांत येणार आहे हेही तिला पुरेना.

माघात नागुबाई आली. सत्त्याहत्तरीची, कमरेत वाकलेली, पण गाडीतून कुणाचा हात न धरता उतरली. मागून मल्लेश कॅन उचलून आणत होता आणि तोंडातल्या तोंडात बडबडत होता. महेश्वरीनं आईला स्वयंपाकघरात चटईवर बसवलं, तिच्यादेखत बिया दळल्या, तिच्यादेखत कॅनचं सील तोडलं, पाणी उकळलं, अर्क उतरवला. दूध घालून, फेस आणून पेला पुढं ठेवला. 

"अव्वा, यात माझं काहीच न्हाई बघ," ती घाईघाईनं बोलत सुटली. "बी तुझं. यंत्र, फिल्टर मल्लेशच्या ओवाळणीतलं. दूध दिनकररावांकडलं. पाणी आपल्या विहिरीचं. माझा निस्ता विस्तव. घे की एवढी."

नागुबाईनं पेला उचलला, वास घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. 

"तुझं काहीच न्हाई?" अव्वा म्हणाली. "मग मी इतक्या लांब कशाला आले? हे तर मला घरी रोज मिळतंय. जा, तुझ्या माठातलं पाणी आण. आधी ते पिते."

"पण अव्वा, रीत..."

"रीतीला कोण विचारतंय गं! तुझे वडील तर मरायच्या आधीपस्तोर सांगायचे, पोरीच्या घरचं खाऊन घे म्हणून. मीच पेटले हट्टाला. वाटायचं, मी तुझ्या घरचं पाणी घेतलं तर देव म्हणंल, म्हातारीनंच आशा सोडली, आता कशाला द्यायचं. म्हणून कोरडी राहिले. मी धरून बसले तर त्याला द्यावंच लागंल, असं वाटायचं बाई." तिनं पेला बाजूला सरकवला. "दिवाळीत तू फोनवर सांगितलंस, तवाच ठरवलं. आता जाऊन पाणी पिऊन यायचं."

मल्लेश उठून बाहेर गेला. रेवणसिद्धअप्पा दारात उभा होता, तो तिथंच खाली बसला.

महेश्वरीनं माठातून तांब्या भरला. सत्तावीस वर्षं ज्यासाठी ती झुरली ते आता आईनं स्वतः मागितलं होतं, आणि तिचा हात पुढं होईना. सगळ्यांनी तिच्या लेकराची आशा कधीच सोडून दिली होती, तिनं स्वतःसुद्धा. एकटी अव्वा तिकडं तहान धरून बसली होती, आणि हे तिला आज कळत होतं.

"नको पिऊ अव्वा," तिच्या तोंडून निघून गेलं. "राहू दे. तू जेव शेजारी. मी काही मनात आणणार न्हाई."

"आण इकडं," नागुबाई म्हणाली.

तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला, घटाघटा अर्धा संपवला आणि पदरानं तोंड पुसलं. मग पेला उचलून कॉफी प्यायली, तळापर्यंत. लेक ओट्याला टेकून रडत होती. तिला अव्वानं उगी हो म्हटलं नाही, की जवळ ओढलं नाही.

"भूक लागलीय," नागुबाई थोड्या वेळानं म्हणाली. "पीठ हाय का मळायला? दोन भाकरी टाक. एका ताटात जेवू."

महेश्वरीनं डोळे पुसले आणि परात पुढं ओढली.