शेवंतामावशी आणि कड्यावरची गिधाडं

ऊसतोडीहून गावी परतली की शेवंतामावशी आधी घराचं कुलूप काढत नसे. गाठोडं उंबऱ्यावर टाकून तडक डोंगराच्या कड्याखाली जाई. कपारीतून ओघळलेली पांढरी विष्ठा न्याहाळून म्हणे, "ओलं हाय. आत पिलू हाय."

मी अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवते. गिधाडांच्या नोंदी घ्यायला त्या कड्याखाली जाऊ लागले, तेव्हा माझ्या दुर्बिणीआधी मावशीचे डोळे पक्षी टिपत. मी वहीत आकडे लिहीत असे. ती म्हणे, "आकडे कशाला, ताई? नवरा-बायकू आळीपाळीनं बसत्यात, ते लिवा."

मार्चमधल्या एका सकाळी गिधाडं माळावर घिरट्या घालत खाली येत होती. आम्ही दोघी तिकडे निघालो, तर वाटेत मावशीचा दीर बाबू भेटला. कुत्र्यांनी त्याचं वासरू फाडलं होतं.

"आता एक कुत्रं वाचत न्हाई," तो म्हणाला. "फवारणीचं औषध वतलंय वासरावर."

मावशी पळत सुटली. मी पोचले तेव्हा दोन गिधाडं उतरली होती. एकाची चोच मांसात होती. ज्यांच्या आसपास ती मला मोठ्यानं बोलूही देत नसे, त्यांनाच ती ओरडत दगड मारत होती. दोन्ही उडाली. वर आणखी सात-आठ फिरतच होती.

"फावडं आण, बाबू. पुरून टाक हे!"

"ती काय तुमची सोयरी हायत का, वैनी?"

"पुरल्याबिगर मी हितनं उठत न्हाई."

बाबू तणतणत निघून गेला. मावशी मेलेल्या वासराशेजारी पदर हलवत बसली. दुसऱ्या बाजूला काठी घेऊन मी. ऊन चढलं. पंखांची सावली अंगावरून सरकली की मी काठी उगारत असे. दुपारी बाबू फावडं घेऊन आला आणि खड्डा खणू लागला.

दुसऱ्या दिवशी कड्याखाली एक गिधाड मरून पडलेलं दिसलं. वर कपारीत पिलू एकटंच. त्याच्या आईबापांपैकी दुसरं जिवंत आहे की नाही, कळेना. दोन दिवस आम्ही माना वर करून बसलो. मावशीनं भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या सकाळी खाऊन गळा फुगलेलं एक गिधाड कपारीत उतरलं, पिलानं पंख फडफडवले, तेव्हा कुठे मावशी रडली.

वैशाखात ते पिलू उडालं.

गेल्या हिवाळ्यात मावशी उसाच्या फडावर तापानं गेली. त्यानंतर काही दिवसांनी बाबूचा फोन आला.

"ताई, आमचा बैल मेला. माळावर टाकलाय. कुणी काय वतू नये म्हून सकाळधरनं राखत बसलोय."

फोनमधून माळावरचा वारा ऐकू येत होता. मग तो हळूच म्हणाला, "उतरायलेत."