रसूलभाईचा हलका चाप

माझा थोरला भाऊ रसूल शिकलगार याच्याशी चार वाक्यं धड बोललेला माणूस इंदापुरात शोधून सापडायचा नाही. लोकांचा राग नाकावर असतो, याचा जिभेवरच मुक्कामाला असतो. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की हा आधी त्याच्या हातातल्या कोयत्याला शिव्या घालतो आणि मग कोयत्याची अशी दशा करणाऱ्याला. मी त्याची सख्खी बहीण, समिना. नवरा वारल्यापासून त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. माझं शिलाई मशीन आणि त्याचं धारेचं चाक यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत आहे, त्यामुळे त्याची सगळी भांडणं मला तोंडपाठ आहेत.

आमचं घराणं धार लावणाऱ्यांचं. ऊसतोडीचे कोयते, विळे, कात्र्या, खाटकांच्या सुऱ्या, सगळं आमच्याकडे येतं. भाईचा हात चांगला आहे, उगाच कशाला नाकारू? त्यानं लावलेल्या धारेची माझी कात्री रेशमी कापडात अडखळत नाही. पण त्या हाताची त्याला जी घमेंड आहे, ती बघून अंगाचा तिळपापड होतो. त्यानं केलेल्या कामाला कुणी नावं ठेवायची नाहीत. भाभीनं, म्हणजे गौहरनं, त्याच्यापुढं तोंड उघडणं केव्हाच सोडून दिलं. ती बिचारी स्वयंपाकघरात भांड्यांवर राग काढते.

मध्यंतरी द्राक्षबागांचे मालक छऱ्याच्या बंदुका घेऊन यायला लागले. बागेतली पाखरं हुसकवायला ठेवतात त्या. तक्रार सगळ्यांची एकच. चाप जड आहे, ओढता ओढता नेम हलतो. भाईनं एक बंदूक खोलली. आत दोन लोखंडी तुकडे एकमेकांत अडकलेले असतात. चाप ओढला की एक दुसऱ्यावरून घसरतो, स्प्रिंग सुटते आणि छर्रा जातो. दुसरा कुणी असता तर खरखर तेवढी काढून, थेंबभर तेल सोडून थांबला असता. पण हा पडला शिकलगार. लोखंडाला कड दिसली की याच्या लेखी ती धारच. त्यानं त्यातला एक तुकडा तेलाच्या दगडावर धरला आणि सुरीसारखा घासत बसला. मग काय, अडकायला जागाच उरली नाही. चाप इतका हलका झाला की बोट टेकायचा अवकाश, बंदूक उडालीच. लोक खूश झाले. ‘रसूलभाईचा चाप’ म्हणून थेट निरवांगीपर्यंत बोलबाला झाला आणि आमच्या भाईची मान आणखी ताठ झाली.

त्याच निरवांगीचे विजयसिंह एक दिवस बंदूक घेऊन परत आले. मोठे बागायतदार, पण दुकानात शिरले ते दबकतच.

“रसूलभाई, खुंटीला अडकवताना उडाली ही. म्हस थोडक्यात वाचली.”

“भरलेली बंदूक खुंटीला कोण अडकवतं?” भाई चाकावरून उठलासुद्धा नाही. “डोस्कं बी तितंच अडकवून आलाय का?”

विजयसिंह बंदूक उचलून गेले. भरलेली बंदूक टांगली ही त्यांची चूक होतीच, नाही कशाला म्हणू? पण धक्क्यानं उडेल अशी बंदूक करून कुणी दिली, हे विचारायची त्या भल्या माणसाची छाती झाली नाही. मी भिंतीपलीकडून विचारलं, तर उत्तर आलं, “तू ब्लाऊज शीव.”

आता हीनाचं सांगते. हीना भाईची एकुलती एक मुलगी. बारामतीला कॉलेजात जाते आणि तिथल्या नेमबाजीच्या क्लबात शिकते. तिची बंदूक भाईनंच मोडीतले भाग जुळवून बनवून दिली होती. हे एक काम त्यानं शिव्या न घालता केलं, एवढं मी बघितलंय. पण दिली म्हणजे दिली असं त्याच्याकडे नसतं. बंदूकही त्याची, नेमही त्याचा आणि पोरगीचं बोटही त्याचंच. दोनदा तिची वरच्या स्पर्धेसाठीची निवड थोडक्यात हुकली, तेव्हा हा म्हणाला, “ह्या खेपेला निवड झाली न्हाय तर बंदूक दुकानात टांगायची. बास झाला खेळ.”

तिला शिकवणारे इंद्रजित सर. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की चाप थोडा ओढला की अडला पाहिजे, तिथं श्वास धरायचा, नेम बघायचा आणि मग सोडायचा. ती अडण्याची जागाच खरी महत्त्वाची. हीना त्या जागेवर जीव टाकायची. घरात मोकळी बंदूक धरून तासन्‌तास तेवढंच करायची.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी ती कॉलेजातून आली, तर तिची बंदूक भाईच्या पाटावर उघडी पडलेली. तुकडा आरशासारखा चमकत होता.

“अब्बा, हे काय केलं?”

“हलका केला. आता बग कशी उडती.”

हीनानं बंदूक जोडली, चाप ओढून बघितला. 

“अडतच न्हाय. मला कळायच्या आत सुटती ही. मला जडच पायजे हुता, अब्बा.”

“जड?” भाईचा आवाज चढला. “सगळा तालुका माझ्याकडं हलका करून न्यायला येतो आन माझ्याच पोरीला जड पायजे! त्या मास्तरानं शिकवलं व्हय? त्याला म्हणावं, पिढ्यान्‌पिढ्या लोखंड हाताळलंय आमी.”

“सुरी न्हाय ती, अब्बा.”

एवढंच म्हणाली. पण भाईनं असं बघितलं की जणू तिनं बापजाद्यांच्या कबरीवर पाय दिला. मी मशीन सोडून आत गेले आणि म्हणाले, “तिची वस्तू तिला न इचारता खोलली कशाला?” त्यावर त्यानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मीही कमी ऐकवलं नाही. भाभीनं आतून पातेलं आपटलं. हीनानं मात्र बंदूक पुसून पिशवीत घातली आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सकाळी आम्ही तिघं एसटीनं निघालो. पिंपळी मागं पडून बारामती आली. भाई बंदुकीची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, नवरदेवाचा बाप आहेर सांभाळतो तसा.

क्लबात पालकांना दोरीच्या मागे उभं करतात. सरावाचे छर्रे मारायची वेळ झाली. हीनानं बंदुकीची नळी बिजागरीवर खाली वाकवून छर्रा घातला, समोर धरून बंदूक मिटली, आणि खट्‌! बोट चापाच्या जवळपाससुद्धा नव्हतं. छर्रा समोरच्या लाकडी फळीत घुसला. सगळ्या मुली दचकून मागं सरल्या. पंच धावत आले, बंदूक हातात घेऊन एकदा रिकामी मिटून बघितली. परत तेच.

“ही बंदूक इथं चालणार नाही,” ते म्हणाले. “कुणाचा तरी डोळा जाईल.”

दोरीमागून भाई गरजला, “चालत न्हाय म्हंजे? शिकलगाराचा हात लागलाय तिला!”

“म्हणूनच चालत नाही,” पंच म्हणाले. त्या माणसाला मी मनातल्या मनात शंभर दुवा दिल्या.

इंद्रजित सरांनी क्लबातली एक जुनी बंदूक पुढं केली. रंग उडालेली, दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली. पंचांनी मान हलवली, ही चालेल. हीनानं हात पुढं केला.

“त्या बंदुकीला हात लावलास तर घरी येऊ नगंस!” भाई एवढ्या मोठ्यानं ओरडला की रस्त्यावरचे लोक खिडकीतून डोकावले.

हीनाचा हात तसाच थांबला. सगळे तिच्याकडे बघत होते. ही आता रडणार, पिशवी उचलणार आणि जन्मभर दुकानात टांगलेली बंदूक बघत बसणार, असंच मला वाटलं. तिनं बापाकडे एकदा नीट बघितलं. मग ती चिकटपट्टीवाली बंदूक उचलली आणि पाठ फिरवून जागेवर जाऊन उभी राहिली.

भाई तिथून तडक निघून गेला. बघायलासुद्धा थांबला नाही, आपली बंदूक तेवढी घेऊन गेला. मी उभी राहिले. परकी बंदूक, नेमाची सवय नाही, पहिले छर्रे भरकटले. मग तिचं बोट त्या जड चापावर थांबायला लागलं. ओढायची, थांबायची, सोडायची. शेवटी सरांनी हात वर केला तेव्हा मी दोरीखालून वाकून आत गेले आणि पोरीला छातीशी धरलं. निवड झाली होती. तिनं विचारलं, “फुफी, आता मी जाऊ कुठं?”

“माझ्या खोलीत,” मी म्हणाले. “माझी खोली काय त्याच्या बापाची हाय?” मग ध्यानात आलं, त्याचा बाप तोच माझा बाप. दोघीही हसलो आणि हसता हसता तिला रडू आलं.

घरात मग मुकी लढाई सुरू झाली. हीना माझ्या खोलीत झोपायची, माझ्याबरोबर जेवायची. भाई चाक इतकं जोरात फिरवायचा की पत्रा थरथरायचा. गिऱ्हाइकांवर आधीपेक्षा दुप्पट उखडायचा. भाभी त्याच्या ताटात भाकरी ठेवायची नाही, आपटायची.

वरची स्पर्धा जवळ आली तेव्हा एका दुपारी हीना उठली आणि दुकानात गेली. मी मशीन थांबवून कान दिला.

“अब्बा, मला माझी बंदूक पायजे. तो तुकडा घासून गेलाय. नवा घडवा.”

चाक फिरतच राहिलं.

“जास्त अडकंल असा घडवा. जड.”

“शिकलगारानं बोथट वस्तू घडवायची?”

“व्हय,” हीना म्हणाली. “घडवायची.”

चाक हळूहळू बंद पडलं. मला वाटलं, आता पक्कड भिरकावतो. मी उठून दारातून डोकावले. भाई बंदूक मांडीवर घेऊन तिच्या उघड्या पोटात बघत होता, मान खाली. मग खेकसल्यासारखा म्हणाला, “किती?”

“काय?”

“किती अडकाय पायजे, ते इचारतोय. नीट सांग. नंतर बोंबलू नगंस.”

माझ्या उभ्या जन्मात भाईनं लोखंडाबद्दल कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. हीना त्याच्यासमोर पाटावर बसली आणि बोटानं हवेत चाप ओढून दाखवायला लागली, इथपर्यंत मोकळा, इथं अडायचा, मग सुटायचा. तो तिच्या बोटाकडे बघत होता. तेवढ्यात त्याला मी दिसले.

“तुला कामधंदा न्हाय का?” तो माझ्यावर ओरडला, आणि परत तिच्याकडे वळून म्हणाला, “हं. परत दाखव.”