समुद्रापर्यंत हरकत नाही

तीन महिन्यांत सर खुर्चीवर बसलेले मी एकदाही पाहिले नाहीत. आयर्लंडमधल्या एनिस गावच्या आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात ते आले तेव्हा मी खुर्ची पुढे केली, तर त्यांनी तिच्यावर पिशवी ठेवली आणि स्वतः येरझाऱ्या घालू लागले. बार्शीच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, इथे मुलाकडे आलेला माणूस. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. "बाई, काहीतरी काम द्या. घरातली कपाटं तीनदा लावून झाली. आता सूनबाई कुलूप घालायच्या बेतात आहे."

मुलांच्या शाळेत तेव्हा अमेरिकेचा इतिहास चालू होता. दोनशे वर्षांपूर्वी एक तुकडी होड्यांतून मिसूरी नदीने पश्चिमेला निघाली आणि पॅसिफिक महासागराला जाऊन पोचली. त्या वाटेची पडद्यावरची सहल मी चाळीस मिनिटांत उरकणार होते. सर थांबलेच नाहीत ऐकायला. "चाळीस मिनिटांत? त्यांना दीड वर्ष लागलं! माझा व्हिसा तीन महिन्यांचा. अकरा शनिवार उरलेत. अकराव्याला समुद्र."

सहल पडद्यावरची असली तरी नियम बार्शीचे. प्रत्येक मुलाने घरून चिठ्ठी आणायची: 'माझ्या पाल्यास सहलीस पाठवण्यास हरकत नाही', खाली सही. एका आजींनी चिठ्ठी वाचून नातवाबरोबर रेनकोट, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गाडी लागते म्हणून गोळी पाठवली. मी हसले. सरांनी पुऱ्या सगळ्यांना वाटल्या आणि गोळी गंभीरपणे खिशात ठेवली. "नदीला ओढ आहे. लागेल."

निघताना मोजायचं आणि परतताना मोजायचं. तेरा मुलं दोन रांगांत सतरंजीवर, म्हणजे होडीत. सर मोजत जायचे, शेवटी छातीवर बोट ठेवून "आणि मी, चौदा." मग पडद्यावर नदी सुरू. सर मराठीत विचारायचे, मुलं इथल्या क्लेअर परगण्याच्या हेलात इंग्रजीत उत्तरं द्यायची, दोघांचंही काही अडत नसे. प्रत्येक मुक्कामाला एक प्रश्न ठरलेला: "इथे आधीपासून कोण राहत होतं? त्यांना विचारलं का, येऊ का म्हणून?" एकदा अन्वी नावाची आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "सर, दे हॅड नो चिठ्ठी." सर दिवसभर खूश होते.

हिवाळ्यापाशी आमचं वाजलं. नदी गोठली, तुकडी एका किल्ल्यात अडकली, आणि सरांनी त्यासाठी तीन शनिवार राखलेले. बर्फ बघत बसायचं. मुलं वैतागली. "सर, आर वी नॉट गोइंग एनीव्हेअर?" त्यातच एका शनिवारी वादळाचा इशारा आला आणि हॉल बंद राहिला. एक शनिवार बुडाला. दुसऱ्या वारी हॉल मिळेना, मी विचारून पाहिलं. मग सरळ सांगितलं, हिवाळ्यातला एक शनिवार गाळा, नाहीतर समुद्र राहील.

"नदी गोठलीय, बाई. मी काय करू?"

सर्वांत जास्त घाई त्यांनाच झाली होती. बर्फाच्या चित्रासमोर ते पिंजऱ्यातल्यासारखे फिरत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. बार्शीच्या मुलांना त्यांनी एकदा समुद्र दाखवतो म्हणून नेलं होतं. एसटी घाटात बंद पडली आणि सगळ्यांना तिथूनच परत आणावं लागलं. "त्यांतला एक इकडे निघायच्या आधी भेटला. केस पिकलेत. म्हणतो, सर, समुद्र राहिला." एवढं बोलून ते पडद्याची वायर तपासायला गेले. वायर ठीक होती.

गाळला मात्र नाही त्यांनी शनिवार. त्यामुळे अकराव्या शनिवारी आम्ही डोंगर उतरून शेवटच्या नदीला लागलो आणि सरांच्या व्हिसाचे दिवस संपले. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी बार्शीहून व्हिडिओवर या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरी सुचवली. "सहलीला कुणी घरी बसून जातं का?" त्यांना यातलं काही हसण्यासारखं वाटलं नाही. जाताना माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. "मुलं अडून बसली तर वाचा."

मुलं अडून बसली. सतरंजीवर दोन रांगा झाल्या, अन्वीने मोजलं, तेराला थांबली. "वी कान्ट गो. वन मिसिंग." समजूत घालणं मला जमत नाही. मी कागद उघडून मोठ्याने वाचला.

'मुलांना माझ्याशिवाय समुद्रापर्यंत नेण्यास माझी हरकत नाही.' खाली सही. शाळेतली असावी तशी, पूर्ण नावाची.

अन्वीने कागद स्वतः पाहिला, सही आहे याची खात्री केली आणि इतर चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात नीट लावला. "ग्रँड. थर्टीन." आम्ही निघालो. अर्ध्या तासात नदी रुंद झाली, धुकं आलं आणि मग पडदाभर करडं पाणी. "इट्स ओन्ली लाईक लाहिंच," कुणीतरी म्हणालं, कारण आमच्या जवळच्या किनाऱ्यावरही असंच पाणी असतं. पण उठलं कुणी नाही.

मी पडद्यासमोरच्या मुलांचा फोटो काढून सरांना पाठवला आणि लिहिलं, 'पोचलो. तेरा.' उत्तर लगेच आलं. फोन हातात धरून कुठेतरी येरझाऱ्याच घालत असणार.

'परतताना पुन्हा मोजा.'