नणंदेला सोडायला काढलेली गाडी

सुरतेत गोडादऱ्यात घर बांधलं तेव्हा आमच्या यांनी आधी मोटरसायकल आत आणली आणि मग दार बसवलं. तेव्हापासून तिची जागा जिन्याखालीच. तिच्या हँडलवर लसणाच्या जुड्या टांगायच्या, सीटवर लेस लावायला आलेल्या साड्यांची बोचकी ठेवायची, आणि पाहुणा आला की यांनी त्या बोचक्यांखाली हात घालून सांगायचं, "काय गाडी होती!" होती हे खरं. छोटीशी, सडपातळ, टाकीला काळ्या रबराचे गुडघे लावलेली. पण इंजिनातला दट्ट्या जाम झाला, तो काही केल्या हलेना, त्याचे भाग बनवणारी कंपनीच बंद पडली आणि गाडीचा देव्हारा झाला.

ती गाडी नवी होती तेव्हा घरात एक नवी सूनही होती. त्या सुनेला मी 'ती' म्हणते. मी म्हणायची लाज वाटते म्हणून नव्हे, पण इतकं अडाणी माणूस मी असेन यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तिला नवऱ्याचं बोलणं म्हणजे पंचांगातलं वचन वाटे. हे म्हणाले असते की सूर्य पश्चिमेला उधन्याच्या बाजूने उगवतो, तर तिने तिकडे तोंड करून तुळशीला पाणी घातलं असतं. शिवाय तिला डौल फार. नवऱ्याचा गॉगल लावून ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जाई. कपडे पिवळे दिसत म्हणून पुन्हा पुन्हा नीळ घालून तिने यांचे सगळे सदरे निळे करून टाकले होते.

तर त्या वर्षी आखाजीला माझी धाकटी नणंद माहेरपणाला आली. आम्हा खानदेशी लोकांत आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, ही सासुरवाशिणींची दिवाळी. झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आमरस आणि खापरावरचे मांडे खाऊन सुस्त पडायचं. सुरतेत झाड कुठलं? आम्ही जिन्याच्या तुळईला दोर बांधला होता. तर झोक्यावर उभं राहून, गॉगल लावून, आमच्या सूनबाईंनी जाहीर केलं, "पुढच्या आखाजीला मी स्वतः गाडी चालवीन. तुला मागे बसवून सोडायला येईन. तुझ्या भावाने बघत राहायचं!"

नणंदेने झोक्याला असा धक्का दिला की गॉगल मोरीत पडला.

शिकवणी मात्र झाली. तेव्हा इथे मोकळी मैदानं होती. यांनी क्लच समजावला, "हळूहळू सोडायचा, तापलेला तवा हातात धरल्यासारखा नाही." मी, म्हणजे तिने, तापलेल्या तव्यासारखाच सोडला. गाडी शेळीसारखी मागच्या पायांवर उभी राहिली आणि सरळ खाटांवर वाळत घातलेल्या कुरडयांत शिरली. खाटा चार घरच्या. पुढे कित्येक उन्हाळे गल्लीतल्या बायका कुरडया घालण्याआधी मला विचारत, "आज गाडी काढणार नाहीस ना गं?" त्यानंतर सूनबाईंनी मत बदललं. मोटरसायकल चालवणं चांगल्या घरच्या बाईला शोभत नाही, असं ती सगळ्यांना सांगू लागली. कुरडयांचा विषय काढत नसे.

यंदा चैत्र संपत आला आणि नणंदेचा बमरोलीहून फोन आला. लग्नानंतर नणंदेचं सगळं आयुष्य सुरतेतल्याच बमरोलीत गेलं. नवरा तिथल्या मिलमध्ये होता, तो गेला तरी ती तिथेच राहिली. आम्हा दोघींचं भांडण आणि बोलणं अहिराणीतच होतं, आणि एकातून दुसरं कधी सुरू झालं ते कळत नाही.

"वहिनी, आखाजी झायी का मी चालनी शिरपूरले. पोऱ्याकडे. आते कायमनी."

मी म्हटलं, "कायमनी म्हणजे?"

"म्हणजे कायमनी. गुडघा जिना चढत नही. तिथे घर खाले शे." मग म्हणाली, "तू माले गाडीवर बसाडनार व्हती. याद शे का?"

"याद शे."

"तुनी गाडी बंद शे. जीभ तेवढी चालू शे."

आणि तिने फोन ठेवून दिला. नेहमी आधी मी ठेवते. तिने आधी ठेवला म्हणजे तिला रडू येत असणार, एवढं मला तिच्याबद्दल कळतं. मी लसणाच्या जुड्या हँडलवरून काढल्या, बोचकी उचलली आणि यांना म्हटलं, "अहो, ही आखाजीपर्यंत चालू झाली पाहिजे."

हे पेपर वाचत होते. "कोण?"

"गाडी. मी चालवणार आहे."

यांनी पेपर खाली केला. माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या गच्चीवर वाळणाऱ्या कुरडयांकडे बघितलं.

आमचे हे आयुष्यभर लूमच्या खात्यात फिटर. खातं म्हणजे इथला विणकामाचा कारखाना. यंत्र म्हटलं की यांच्या अंगात वारं येतं. जुनं इंजिन दुरुस्त होणार नव्हतं, तेव्हा दुसरं बसवायचं ठरलं. लिंबायतच्या भंगारवाल्याकडून हे एका मोपेडचं इंजिन घेऊन आले. कुणा दूधवाल्याची मोपेड असावी, धुतल्यावरही त्याला खव्याचा वास येत होता. मला त्या इंजिनाचा एकच गुण ठाऊक होता आणि तो पुरेसा होता, त्याला गिअर नाही आणि क्लचही नाही. उजव्या मुठीचा कान पिळला की चालतं. असं इंजिन तेव्हाच मिळालं असतं तर कुरडया वाचल्या असत्या.

जिन्याखाली कारखाना सुरू झाला. टाकी चिंचेच्या पाण्याने आतून धुतली, ते काम माझं. तांब्याची भांडी मी उगाच घासली नव्हती. पेट्रोलची नळी बदलली. इंजिन फ्रेममध्ये धरून ठेवायला लोखंडी पट्ट्या कापल्या, आणि धक्के बसू नयेत म्हणून खाली लूमच्या पट्ट्याचे तुकडे घातले. आमची नात कॉमर्सला आहे. ती कॉलेजातून आली की टॉर्च धरी आणि म्हणे, "आबा, किसी मेकॅनिक को पूछ लो ना." आबांना हा प्रश्न ऐकू येत नसे.

मग एक अडचण आली. आमच्या गाडीची चेन उजवीकडे आणि मोपेडच्या इंजिनाचं चेन ओढणारं चाक डावीकडे. हे दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी चहा घेताना एकदम उठले, इंजिन उचललं आणि उलटं फिरवून बसवलं. पुढची बाजू मागे, मागची पुढे. चाक बरोबर उजवीकडे आलं. वर सायलेन्सरचं तोंडही आपोआप मागे झालं. हे इतके खूश झाले की त्यांनी इंजिनाला हात जोडले.

मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "अहो, याचं तोंड मागे केलंत. मग ते फिरायचं कुठल्या बाजूला?"

"मोटारीला तोंड नसतं," हे म्हणाले. "खात्यात नवी मोटार बसवली आणि उलटी फिरली तर काय करतात? तीनातल्या दोन वायरींची अदलाबदल. सुलट फिरते. त्यात काय!"

'त्यात काय' हे यांचे शब्द मी संसारात पुष्कळदा ऐकले आहेत. पाण्याच्या टाकीच्या वेळी ऐकले, मिक्सरच्या वेळी ऐकले. ती गॉगलवाली असती तर तिने मान डोलावली असती आणि माहेरी पत्राने कळवलं असतं की आमचे हे किती हुशार. मी तिच्याहून सुधारले आहे. मान डोलावली, पण पत्र लिहिलं नाही.

आखाजीच्या चार-पाच दिवस आधी गाडी सुरू झाली. काय तो आवाज! फट् फट् फट् करून सगळा जिना धुराने भरला, वरच्या मजल्यावरून खोकल्याचे आवाज आले. हे राजासारखे बसले. मी ओवाळलं. चाकाखाली लिंबू ठेवलं, पुढच्या चाकाखाली, जसं ठेवतात तसं. यांनी स्टँड काढला, मूठ पिळली, आणि लिंबू जागच्या जागी तसंच राहिलं. गाडी मागे गेली. हे मागे गेले. मागे साड्यांची बोचकी होती, त्यांत दोघे रुतले.

नात ओरडली, "आजी, आ तो ऊंधी जाय छे!"

बोचक्यांतून आवाज आला, "दोन वायरी बदलतो."

यांनी वायरी बदलल्या. हॉर्न बंद पडला. पुन्हा बदलल्या, तर ठिणगी गेली. शेवटी होत्या तशा जोडल्या. संध्याकाळी नातीने मोबाईल यांच्या नाकासमोर धरला. त्यात कुणीतरी समजावून सांगत होतं की पेट्रोलचं इंजिन म्हणजे लूमची मोटार नव्हे. हे ते पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, "मला ठाऊक आहे. मी काय पहिल्यांदा गाडी बघतोय?" मी रात्री यांच्या ताटात एक पोळी जास्त वाढली.

उपाय होता. इंजिन सरळ करायचं आणि मागच्या चाकाला लेथवर काम करून चेन डावीकडे घ्यायची. लेथवाला राहतो सुरतेबाहेर, सचिन नावाच्या वसाहतीत. फोन लावला तर तो गावी. उन्हाळ्यात लग्नं आणि आखाजी म्हटल्यावर आमच्या लोकांपैकी सुरतेत राहतं कोण? आखाजीनंतर येतो म्हणाला. आखाजीनंतर येऊन काय उपयोग!

आखाजीला नणंद आली. सकाळी गल्लीच्या टोकाला रिक्षातून उतरली तेव्हा तिच्याबरोबर एकच पेटी होती, बाकीचं सामान आधीच शिरपूरला गेलं होतं. जेवणं झाली. मांडे तिने केले, कारण माझे फाटतात आणि ते ती मला अजून ऐकवते. दुपारनंतर उधना स्टेशनावरून तिची आगगाडी. नात गल्लीच्या टोकाला रिक्षा थांबवून आली. रिक्षा आत येईना, मधे नळाच्या कामाचा खड्डा होता आणि त्याच्या कडेने फक्त दुचाकी जाईल एवढीच वाट.

नणंद जिन्याखाली आली. गाडीच्या टाकीवरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, "राहू दे वहिनी. चालीसन."

एरवी तिने टोमणा मारला असता. तो मारला नाही, हेच मला बोचलं. म्हटलं, "चालत कशाला? बस."

"ही तर मागे जास म्हणे!"

"मग तू मागे तोंड करून बस."

हे म्हणाले, "अगं, वेड लागलं का?" नात म्हणाली, "आजी, प्लीज." मी तोवर पदर खोचला होता. गाडी दारातून अशी काढली की तिची पाठ गल्लीच्या टोकाकडे. मी हँडल धरून घराकडे तोंड करून बसले. नणंद लुगडं सावरून माझ्या पाठीला पाठ लावून, कॅरिअरवर पाय ठेवून, रस्त्याकडे तोंड करून बसली. पेटी तिच्या मांडीवर. मी कान पिळला.

गाडी मागे निघाली, माणूस चालतो त्या चालीने. माझे दोन्ही पाय जमिनीवर घासत होते. एका बाजूने नात नणंदेचा हात धरून आणि दुसऱ्या बाजूने हे "सावकाश, सावकाश" करत पळत होते. वाट फक्त नणंदेला दिसत होती.

"डावीकडे ले व! डावीकडे!"

मी डावीकडे घेतलं.

"तुनं डावं नही, मनं डावं!"

"मग तसं बोल ना!"

"बकरी शे पुढे!"

"पुढे म्हणजे कुणाच्या पुढे?"

"आपल्या दोन्हींना पुढे नही, तुन्या मागे! ब्रेक मार!"

गल्ली दारात आली होती. बायका कुरडयांच्या खाटा उचलून आत नेत होत्या, मी डोळ्यांनी बघितलं. खड्ड्याच्या कडेने जाताना नणंद एकदम गप्प झाली. मी म्हटलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नही. सरळ चाल." तिची पाठ माझ्या पाठीला लागून हलत होती. हसत होती ती, असं मी ठरवलं. माझी कशाने हलत होती ते तिने ठरवलं असेल.

टोकाला रिक्षा उभी होती. रिक्षावाला आधी मागे सरकला, मग बाहेर उतरूनच उभा राहिला. मी ब्रेक लावला, गाडी बंद पडली. नणंद उतरली, पदर झटकला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा कुठे मला तिचं तोंड दिसलं. डोळे लाल होते. म्हणाली, "धूर फार शे तुन्या गाडीना."

"शे ना," मी म्हटलं. माझेही लाल होते.

रिक्षात बसल्यावर मात्र तिने बाहेर डोकं काढलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "आते माले लेवाले पण यायजो! सरळ तोंड करीसन!"

लेथवाला परवा गावाहून आला. हे रोज विचारतात, चाक कधी खोलू? मी म्हणते, जरा दमानं घ्या. सरळ चालवायची तर मला अजून शिकावं लागेल, आणि गल्लीत कुरडया वाळताहेत. शिवाय ती परत येईल तेव्हा कुठल्या तोंडाने बसायचं, हे तिला विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही. तिचा फोन रोज येतो. हल्ली पुन्हा नेहमीसारखा आधी मी ठेवते.